कंपाउंडरांची बारमाही बाग

सदाशिवजी कंपाउंडरांच्या कुंपणाशी कोणी थांबलं, की ते "काय पाहिजे?" असं कधी विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "वास कुठून आला?" म्हणजे तुम्ही रस्त्यानं येत होता, तर मोगऱ्याचा वास तुम्हाला कुठपासून यायला लागला? मारुतीच्या ओट्यापासून, विहिरीपासून, की अगदी फाटकाशी आल्यावर? कोणी म्हणालं, "विहिरीपासूनच येऊन राह्यला ना बापा," की माणूस खुलायचा. आणि कोणी मुद्दाम गंमत करायला म्हणालं, "कायचा वास? मले तं काही आला नाही," तर त्यांचा चेहरा असा उतरायचा की गंमत करणाऱ्यालाच चोरट्यासारखं व्हायचं.

अख्खी आर्णी या प्रश्नाला हसायची. मीही हसले आहे. शौकीन माणूस, बागेची फुशारकी मिरवतो, असंच सगळ्यांना वाटायचं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. त्या घराच्या मागच्या खोलीत त्यांची बायको राहत होती, अनसूया. तिला महारोग होता. आमच्याकडे रगतपिती म्हणतात. कंपाउंडर तिला गोळ्या देत होते, यवतमाळहून आणून देत होते. तेव्हा त्या गोळ्या नव्याच निघाल्या होत्या. गोळ्यांनी रोग थांबलाय असं ते म्हणायचे. पण हातापायाच्या ज्या बोटांची जाणीव गेली होती ती काही परत आली नाही. ती बोटं भाजायची, कापायची, त्यांना जखमा व्हायच्या आणि जखमा चिघळायच्या. त्या जखमांचा वास रस्त्यापर्यंत जाऊ नये म्हणून ही सगळी बाग होती. वास गेला की लोक विचारणार, लोकांनी विचारलं की कळणार आणि कळलं की तिला गावातून काढणार. एवढी एक गोष्ट होऊ नये म्हणून तो माणूस वर्षानुवर्षं फुलं लावत होता.

आमचा भाग मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न होऊन मी आर्णीला आले. आमचे हे जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. कंपाउंडरांच्या आणि आमच्या परसात फक्त तुराट्यांचं, तुरीच्या वाळल्या काड्यांचं कुंपण होतं. गावात सांगितलेलं असं होतं, की कंपाउंडरांच्या बायकोला लकवा झालाय, ती अंथरुणाला खिळलेली आहे आणि डॉक्टरनं कोणाला भेटू द्यायचं नाही असं बजावलंय. दवाखान्यातला माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? बायका हळहळायच्या आणि फुलं घेऊन निघून जायच्या.

सकाळी ते स्वतः कुंपणाशी उभे राहून देवाला फुलं द्यायचे. कोणाला आत येऊ द्यायचे नाहीत. पण हात सढळ. मागाल त्याला कलम, मागाल त्याला दाब. आमच्या गल्लीत असं एक घर नव्हतं, की ज्याच्या दारात त्यांनी दिलेला मोगरा नाही. आणि सांगायची पद्धत सगळी दवाखान्याची. "याले सकाळ-संध्याकाळ पाणी. दुपारी बिलकुल नाही. आठ दिवसांनी मले दाखवा." एकदा माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अवो कंपाउंडर, औषधाच्या बाटलीसारखा कागद चिकटवून द्या ना, किती खुराक थे." ते हसले नाहीत. फुलांच्या बाबतीत त्यांना गंमत कळतच नसे.

बागेचं त्यांचं एक पंचांगच होतं. चैत-वैशाखात मोगरा आणि मदनबाण. मिरग निघाला की जाई, जुई, अनंत. भादव्यापासून पारिजातक, मागोमाग निशिगंध. थंडीत कुंद. मागच्या खिडकीखाली रातराणी, पुढे सोनचाफा आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना मरवा. एकाचा बहर ओसरायच्या आत दुसऱ्याला कळी धरली पाहिजे, यासाठी त्यांची नुसती तगमग चालायची. मोगऱ्याचं पाणी तोडायचं, पानं ओरबाडायची, मग पाणी सोडायचं आणि कळीची वाट पाहत झुडपाशी उकिडवं बसायचं. दवाखान्यातून आलेला माणूस आधी पाय धुतो, चहा मागतो. हे सायकल भिंतीला टेकवून सरळ मोगऱ्यापाशी.

पण त्या पंचांगात एक भोक होतं. फाल्गुन. कुंद संपलेला असायचा आणि मोगऱ्याला कळी नसायची. त्या दिवसांत माणूस चिडका व्हायचा, जेवायचा नाही. सकाळ-संध्याकाळ घरात लोबान जाळायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मच्छर झाले ना." फाल्गुनात आर्णीला कुठले आले एवढे मच्छर? पण एवढा विचार कोण करतो!

या फाल्गुनापायी त्यांनी बांदा आणला. मोहाच्या, आंब्याच्या फांदीवर वाढतो तो. जाड पट्ट्यासारखी पानं, सुतळीएवढ्या पांढऱ्या मुळ्या हवेत लोंबलेल्या. जंगलात कूप, म्हणजे तोडीचा पट्टा, तोडायला घेतला होता, तिथल्या आडव्या पडलेल्या मोहावरून त्यांनी तो काढला. उन्हाळा लागता लागता, जंगलात पान राहत नाही तेव्हा हा फुलतो आणि त्याला गोडसर वास असतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. पहिला बांदा त्यांनी कुंडीत मातीत लावला. तो सडला. दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला, तोही सडला. मग त्यांच्या ध्यानात आलं, की याला माती नकोच. मोहाचा एक ओंडका आणला, त्यावर कोळसा आणि फुटक्या कौलाचे तुकडे ठेवून जुन्या धोतराच्या पट्टीनं बांदा बांधला आणि तो ओंडका मागच्या खिडकीत टांगला. रोज नुसतं पाणी शिंपडायचं. तो जगला. मग दुसरा, तिसरा, असं करत सगळी खिडकी भरली.

सासूबाईंना ते काही पटलं नाही. "बांडगूळ कोणी घरात टांगते का? वंश बुडते."

"बांडगूळ नोहे काकू," कंपाउंडर कुंपणापलीकडून म्हणाले. "बांडगूळ झाडाचा रस पेते. हा नुसता टेकून राह्यते. झाडाचं काहीच घेत नाही."

"मंग जगते कशावर?"

"हवेवर. थोडंसं पाणी लागते, बस. याच्यापासून कोणाले काही धोका नाही." आणि मग उगाच आवाज चढवून, "याच्या मुया वातावर चालते. हिच्या लकव्यासाठी आणला मी."

सासूबाईंची दुसरी तक्रार रातराणीची. रातराणीला साप येतात, आमच्या परसात पोराबाळांची ये-जा, तोडून टाका. त्यावर तो माणूस जे बोलला ते मला आजही ऐकू येतं. "साप येऊ द्या काकू. सापाले मी भेत नाही. माणसं येऊ नाही म्हणजे झालं." सासूबाई रागावल्या. फुलं न्यायला येतो आपण, ते या मेल्याच्या डोळ्यात सलतं, असं त्यांनी चार घरी सांगितलं.

मला कसं कळलं ते सांगते. वैशाख होता. दुपारची मी परसात कुरडया वाळत घालत होते. हवेत मोगरा भरून राहिला होता आणि त्यातून मध्येच जळल्याचा वास आला. लाकूड नाही, कापड नाही. कसला ते नाकाला आधी कळलं आणि डोक्याला मागून. मी तुराट्या बाजूला सारून पलीकडे गेले. मागच्या खोलीत चूल होती. अनसूया चुलीपुढे बसून काहीतरी गुणगुणत होती आणि तिचा डावा तळहात तापलेल्या तव्यावर टेकलेला होता. भाकरी फिरवायला वाकली असेल, आधाराला हात टेकला असेल. बाई गुणगुणतच होती!

मी ओरडून तिचा हात ओढला. तिनं दचकून पहिलं काय केलं असेल, तर पदर तोंडावर घेतला.

"तू आत काहून आली? तुले कोणी पाह्यलं तं नाही?"

"अवो बाई, हात पाहा तुमचा!"

तिनं पाहिला. लहान मूल दुसऱ्याची वस्तू पाहतं तसा उलटसुलट करून पाहिला. "भाजला वाट्टे. लय भाजला का? मले काही समजत नाही ना."

खोटं कशाला सांगू, मी दोन पावलं मागे सरले. बोटं आखडलेली, दोन तर पेरापर्यंतच उरलेली. मी घरी येऊन हात धुतले, राखेनं घासले, परत धुतले. संध्याकाळी कंपाउंडर कुंपणाशी आले. हातात मदनबाणाची परडी होती. ती त्यांनी मला दिली नाही, नुसते उभे राहिले.

"वहिनी, कोणाले सांगतलं काय?"

"नाही भाऊजी."

"सांगान?"

"नाही."

दवाखान्यातल्या कार्बोलिकनं पांढऱ्या पडलेल्या हातांनी ते परडीतल्या कळ्या सारख्या करत राहिले. "तिले इथून नेलं तं मी मरीन असं नाही म्हणत मी," ते शेवटी म्हणाले. "माणूस मरत नाही तसा. जगीन. पण कायले जगीन, थे तुम्हीच सांगा." आणि परडी कुंपणावर ठेवून आत गेले.

मग मी दुपारची तिच्याकडे जाऊ लागले. उंबऱ्याबाहेर बसायची. आत ये असं ती कधी म्हणाली नाही आणि त्या दिवसानंतर मीही कधी गेले नाही. बाई मोठी हजरजबाबी होती. नवऱ्याच्या नकला करायची. "मोगऱ्याले ताप आला वो, थर्मामीटर आणा!" तिचं माहेर राळेगावकडचं. डोहाळजेवणाला गर्भारणीला फुलांचे दागिने घालतात ना, ती वाडी करण्यात तिचा हात असा, की लग्नाआधी चार गावांहून तिला बोलावणं यायचं. बिंदी, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं कळ्यांचं. ते सांगताना ती आखडलेले हात हवेत फिरवायची आणि मला कुठे पाहावं ते कळायचं नाही.

एकदा तिनं मला एक गोष्ट सांगितली. त्या वर्षी फाल्गुनात बांदा पहिल्यांदा फुलला होता. पिवळट पाकळ्यांवर लुगड्यासारख्या तपकिरी चौकड्या आणि मधोमध जांभळी जीभ. कंपाउंडरांना एवढा आनंद झाला होता, की दवाखान्यात निघालेला माणूस अर्ध्या वाटेतून ते फूल पाहायला परत आला. मी म्हटलं, "वास किती गोड आहे हो याचा."

ती हळूच म्हणाली, "असंन. मले वास येत नाही. नाक कधीचं गेलं माह्यं."

"मग भाऊजी रोज विचारतात ते?"

रोज सकाळी ते खिडकीशी उभे राहून विचारायचे, "आला का वास?" ते मला आमच्या परसातही ऐकू यायचं. आणि तिचं उत्तर, "आला ना, लय येऊन राह्यला."

"मंग काय सांगू?" ती म्हणाली. "एवढं करते तो माणूस. त्याइले सांगजो नोको बरं. मले हा बांदा पाहालेच आवडते. डोळे तं शाबूत हायेत."

मी कोणालाच काही सांगितलं नाही. त्या घरातला एकजण सगळ्या गावापासून वास लपवत होता आणि दुसरी त्याच्यापासून, वास येत नाही हे. आणि दोघांच्या मधली मी. असं काही वर्षं चाललं आणि चालूही राहिलं असतं.

मग गावातल्या पाटलांच्या धाकट्या सुनेचं डोहाळजेवण निघालं. मोगऱ्याचा भर होता. पाटलांकडून निरोप आला, की वाडीला कळ्या तुमच्याकडच्याच पाहिजेत आणि वाडी करणारी बाई गावात कोणी असेल तर तेही तुम्हीच बघा. कंपाउंडरांनी घरी येऊन हे सहज सांगितलं. ती त्यांची चूक म्हणायची तर म्हणा.

अनसूया हटून बसली. "मले करू द्या. एकदाच. कोणाले काय समजते कोणी केली थे?" ते नाही म्हणाले. ती जेवली नाही. माझ्या देखत, उंबऱ्याच्या आतून, ती त्यांना म्हणाली, "माह्या हातानं काही होत नाही, भाकरीबी तुम्हीच थापता आता. मंग मले कायले ठेवलं घरात? बांद्यासारखं टांगून ठेवाले?" त्यांनी तिच्या बोटांना कापूस गुंडाळला, पट्ट्या बांधल्या, सुईत दोरा ओवून दिला आणि समोर बसून राहिले. निदान तिच्या हातानं कोणाला काही होणार नाही आणि तिच्या हाताला काही होणार नाही, एवढं त्यांनी पाहिलं. पण दवाखान्यातून शिपाई धावत आला. कोणाचा तरी हात जिनिंगमधल्या चरकीत सापडला होता. "मी येईपर्यंत सुई धरू नोको," असं बजावून ते गेले.

पट्ट्यांनी कळी धरता येत नाही. तिनं दातांनी पट्ट्या सोडल्या.

मी जाऊन पाहिलं तेव्हा वाडी पुरी झाली होती. केळीच्या पानात बांधून वर ओलं फडकं घातलेलं. ती भिंतीला टेकून बसली होती, हात पदराखाली. तिच्या तोंडावर असं समाधान मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "साधली वो," म्हणाली. "बोटं विसरली नाही." तेवढ्यात पाटलांचा गडी पुढच्या फाटकाशी आला आणि मीच ते पान नेऊन त्याच्या हातात दिलं. उघडून कशाला पाहायचं? ओल्या फडक्यात आहे, कळ्या उमलतील.

पाटलांकडे आम्ही सगळ्या होतो. सुनेला पाटावर बसवलं, बिंदी लावली, बाजूबंद बांधले. वाडी अशी सुबक होती की गाणं म्हणणाऱ्या बायका मध्येच थांबून बघत होत्या. कंबरपट्टा बांधायला घेतला तेव्हा पाटलांची आई, सगळ्या त्यांना मोठ्या बाई म्हणत, पुढे आल्या. त्यांनी पट्टा उलटा केला. आतली बाजू लाल होती. एखादा ठिपका नाही. कळीमागून कळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे रक्त कोणाचं?" मोठ्या बाई म्हणाल्या.

कोणीतरी म्हणालं, सुई टोचली असेल. मोठ्या बाईंनी मान हलवली. "एकदा टोचली तं माणूस हात काढून घेते. एवढं रक्त निघालं, आन् करणारीले समजलं कसं नाही?"

मी उठून उभी राहिले. "मी केली वाडी," म्हटलं. "माझंच बोट टोचलं."

त्यांनी मला जवळ बोलावलं. माझे दोन्ही हात उजेडाकडे धरून बोटं एकेक करून चाचपली. म्हाताऱ्या माणसाचे थंडगार हात. मग माझे हात सोडून दिले आणि हळूच म्हणाल्या, "तू नाही केली पोरी. माह्या भावाले होतं. त्याच्या पायात काटा मोडे, आन् थो तसाच चालत राहे." त्यांनी ते मलाच सांगितलं होतं. पण घरात एवढ्या बायका होत्या, आणि गाणं थांबलेलं होतं. सुनेनं किंकाळी फोडून अंगावरची फुलं ओरबाडून फेकली.

दिवस मावळायच्या आत माणसं कुंपणाशी आली. आत कोणीही आलं नाही. आत यायची कोणाची छाती नव्हती. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावलेले. मोगऱ्याशिवाय दुसरा कसलाही वास नव्हता आणि तरी रुमाल! कंपाउंडर ओसरीवर उभे होते.

"तुम्ही राहा कंपाउंडर," त्यांना सांगण्यात आलं. "तुम्हाले कोणी काही म्हणत नाही. दवाखान्यात तुमची गरज हाये. तिले नेऊन घाला जिथं घालाची तिथं, आन् परत या."

"तिचं औषध चालू हाये. कोणाले काही होत नाही तिच्यापासून."

"दवाखान्यातलं आम्हाले शिकवू नोका. आमच्या देवाले दिली तुम्ही थे फुलं."

"फुलं मी तोडली. हात माह्ये होते." मग म्हणाले, "मी चांगला म्हणून मी राहू, थे बिमार म्हणून थे जाईन. असं म्हणता ना? नाही जमणार. दोघं जातो."

त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत जे झालं ते मी विसरू शकत नाही. घरोघरचे मोगरे उपटले गेले. ज्या ज्या दारात त्यांनी दिलेलं कलम होतं, त्या त्या दारातून ते मुळासकट निघालं आणि रस्त्यावर पडलं. फुलांनी लगडलेली झाडं. आमचा मोगरा सासूबाईंनी स्वतः उपटला, हाताला फडकं गुंडाळून. मी म्हटलं, "आई, झाडानं काय केलं?" त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी रस्ताभर कोमेजलेल्या मोगऱ्याचा असा दर्प सुटला होता की गुरंही बिचकत होती.

बैलबंडी कोणी देईना. कोणाचा बैल लंगडा, कोणाचं चाक मोडलेलं. शेवटी बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा एक म्हातारा गोरमाटी आपली बंडी घेऊन आला. त्याच्या नातवाला कंपाउंडरांनी कधीतरी तापातून वाचवलं होतं. त्यानं बंडीत गवत पसरलं, वर स्वतःचं घोंगडं टाकलं आणि दारापाशी जाऊन म्हणाला, "चाल याडी, बेस." याडी म्हणजे आई. त्या दिवशी तिच्याशी तोंड भरून बोललेला तेवढा एकच माणूस.

कंपाउंडरांनी तिला धरून पुढच्या दारानं बाहेर आणलं. लग्न होऊन आल्यावर थोड्याच दिवसांत ती मागच्या खोलीत गेली होती. पुढची बाग तिनं कधी पाहिलीच नव्हती. ओसरीवर ती थांबली. पदर तोंडावरून काढला. भर उन्हात मोगरा, वर मांडवावर जाई, वाटेच्या दोन्ही बाजूंना मरवा.

"एवढं मोठं लावलं तुम्ही?" ती म्हणाली. "मले सांगतलं नाही कधी."

त्यांनी तिला उचलून बंडीत बसवलं. गल्लीतली सगळी दारं लावलेली होती. मी आमच्या दारात उभी राहिले, सासूबाई आतून हाका मारत असतानाही. हात मात्र हलवला नाही. काय म्हणून हलवायचा? बंडी नदीच्या उतारावर जाईपर्यंत ती बागेकडेच मान वळवून पाहत होती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं, तो गोरमाटी बाजाराला यायचा त्याच्याकडून. दूर एका महारोग्यांच्या वसाहतीत तिला घेतलं. यांना नाही घेतलं. तिथला नियम, की बिमार आत, चांगला बाहेर. आठवड्यातून एकदा तारेपलीकडून भेट. कंपाउंडरांनी नोकरी सोडली. वसाहतीच्या बाहेर रस्त्याच्या कडेला ताट्यांची झोपडी करून राहत होते आणि कोणाच्या तरी शेतावर रोजीनं जात होते. त्यांच्या रिकाम्या घरात कोणी राहायला आलं नाही. फुलं उमलायची आणि झाडाखालीच सडायची. एका उन्हाळ्यात सगळं वाळून गेलं.

मग बरीच वर्षं गेली. मी भावाच्या घरून परत येत होते, यवतमाळच्या एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत. एक माणूस माझ्याकडे टक लावून पाहत होता. दाढी वाढलेली, उन्हानं काळा पडलेला, अंगात पूर्ण बाह्यांचा मळका सदरा.

"वहिनी, वळखलं काय?"

आवाजावरून ओळखलं. मला आधी रडूच आलं. त्यांनी मला रडू दिलं. मग मी विचारलं, अनसूयाबाई कशा आहेत? चांगली हाये, म्हणाले. पायाचा पंजा काढावा लागला, पण चांगली हाये. सूत काढते. मी विचारलं, "तिथं काही लावलं का भाऊजी? फुलं?"

"नाही," ते म्हणाले. "तिथं कायले लागतात?"

आर्णीची गाडी लागली होती, त्यांची गाडीही समोर लागली होती आणि लोक धक्काबुक्की करत चढत होते. ते जायला वळले. दोन पावलं गेले आणि परत आले. एखादा माणूस पोराचं लग्न ठरलं हे सांगायला परत येतो ना, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"एक सांगाचं राह्यलं वहिनी."

त्यांनी डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली. काळ्या पडलेल्या हातावर एक फिकट, गुळगुळीत चट्टा होता, रुपयापेक्षा मोठा. त्यांनी त्यावर नखानं जोरात टोचून दाखवलं आणि माझ्याकडे पाहून हसले.

"डॉक्टरनं पाह्यला मागच्या महिन्यात. पक्कं हाये म्हणे." तो माणूस चक्क आनंदानं बोलत होता. "आता मलेबी आत घेऊन राह्यले. तिच्याच खोलीत. आता कोणी काढू शकत नाही."

समोरचा माणूस एवढ्या आनंदानं काही सांगत असला, की तोंडातून आपोआप जे निघतं तेच माझ्या तोंडातून निघालं. "बरं झालं भाऊजी," मी म्हटलं.

"हो ना," ते म्हणाले, आणि बाही खाली न घेताच त्या गर्दीत शिरून गाडीत चढले.